दीपमाळ, आकाशकंदील आणि मुलांचे हात

आश्विन सरत आला की आमच्या माधव नगरातील बाजाराचे रूप पालटते. टॉवर चौकापासून फ्रीगंजच्या गल्ल्यांपर्यंत दुकानांपुढे आकाशकंदील लटकू लागतात आणि त्यांच्याखाली उभी राहिलेली जुनी मराठी मंडळी एकमेकांना हटकून एकच वाक्य ऐकवितात : "आता पूर्वीसारखे कंदील राहिले नाहीत." हे वाक्य आम्हीही कित्येक वर्षे म्हणत आलो. ते म्हणता म्हणता खिशात हात घालून प्लॅस्टिकचा तयार कंदील आम्हीच विकत घेत होतो, हा भाग मात्र सोयीस्करपणे विसरत होतो.

गेल्या दिवाळीपूर्वी या विसराळूपणाला थोडा धक्का बसला. वस्तीतील एका शाळेने एका चित्रकाराला बोलावून मुलांकडून आकाशकंदील करवून घेण्याचे ठरविले. कंदिलावर आपल्या गावाचे काहीतरी दिसावे, एवढी एकच अट होती. मुलांना गावाचा इतिहास सांगावा म्हणून, शासकीय सेवेतून निवृत्त झालेला आणि वेळ असलेला मनुष्य या नात्याने, आम्हांस निमंत्रण आले. चार दिवसांचे ते काम. त्या चार दिवसांत आम्ही शिकविले थोडे आणि शिकलो पुष्कळ. त्या निमित्ताने जो इतिहास पुन्हा चाळावा लागला तो, आणि मनाला लागून राहिलेली एक गोष्ट, वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम कंदिलाविषयी. कार्तिक मासात आकाशदीप लावावा, असे आपल्या धर्मशास्त्रात सांगितले आहे. कमलाकर भट्टांच्या 'निर्णयसिंधू'त आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांच्या 'धर्मसिंधू'त हा विधी येतो. घराजवळ खांब रोवावा आणि सूर्यास्तानंतर त्याच्या शिरोभागी दीप ठेवावा. पितरांना वाट दिसावी, ही त्यामागची भावना. काशीच्या घाटांवर बांबूच्या टोकाला बांधलेल्या टोपल्यांतून असे दीप आजही कार्तिकात चढविले जातात. महाराष्ट्रात या खांबावरच्या दिव्याभोवती बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आला, त्यावर रंगीत कागद चढला, खाली झिरमिळ्या लागल्या आणि विधीतला आकाशदीप घराघरांतला आकाशकंदील झाला. मुंबईस माहीमला तर 'कंदील गल्ली' या नावानेच ओळखली जाणारी गल्ली आहे. आमच्यापैकी अनेकांच्या नातलगांनी तेथून कंदील नेले असतील.

या शब्दाची घडणही पाहण्याजोगी आहे. 'आकाश' संस्कृत, 'कंदील' अरबी. तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि अरबीत तो भूमध्य सागराकाठच्या ग्रीक-लॅटिन भाषांतून गेला, असे भाषाभ्यासक मानतात. ज्यावर आपण चित्र काढतो तो 'कागद'ही फारसीतूनच आलेला. म्हणजे पितरांसाठी लावावयाच्या दिव्याचे नाव आपल्या पूर्वजांनी दोन प्रदेशांची गाठ मारून तयार केले आणि त्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. आम्ही माळव्यातील मराठी माणसे काही निराळी नाही. आडनाव सातारा-रत्नागिरीकडचे, ताटात पुरणपोळीशेजारी दाल-बाफले, आणि रस्त्यावर पाऊल पडताच जिभेवर हिंदी.

हे आडनाव येथवर कसे आले, तेही मुलांना सांगणे भाग होते. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांनी आमझेऱ्याच्या लढाईत मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला आणि माळव्याची दारे मराठ्यांना उघडली. पुढे कण्हेरखेडच्या राणोजी शिंद्यांनी उज्जयिनीस आपले ठाणे केले. १७४५ मध्ये शुजालपूर येथे ते निवर्तले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरीस हलविली, तोवर सुमारे ८० वर्षे उज्जयिनी ही शिंदेशाहीचे केंद्र होती. राजधानी गेली, तरी बांधकाम थांबले नाही. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांनी भर बाजारात गोपाळ मंदिर उभारले. वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री महाकालाची सवारी हरिहर-भेटीसाठी याच मंदिरात येते. आणि ज्या माधवराव महाराजांचे नाव आपल्या वस्तीला लाभले, त्यांनी १९२३ मध्ये सवाई जयसिंहांच्या वेधशाळेची दुरुस्ती करविली. तिचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे हे होते.

हे सारे आम्ही पहिल्या दिवशी पाऊण तासात सांगितले. मुले शांत बसली होती. ती शांतता लक्ष देण्याची नव्हती, हे कळण्याइतकी सभा-संमेलने आम्ही पाहिली आहेत.

चित्रकार महाशयांनी मग एक साधा प्रश्न विचारला : "हरसिद्धीच्या देवळासमोर काय आहे?" सगळ्यांचे हात वर गेले. "दो दीपस्तंभ!" "दिवे किती?" "एक हजार ग्यारह!" हा आकडा उज्जयिनीत लहान मुलालाही पाठ असतो. "ते कसे बसविले आहेत?" यावर मात्र एकही हात वर गेला नाही. खरे सांगावयाचे तर आमचाही नाही. साठ वर्षे ते स्तंभ आम्ही पाहत आलो. नवरात्रात त्यांच्यापुढे उभे राहून हात जोडत आलो. पण दगडी हात एकाखाली एक आहेत, की तिरके चढत गेले आहेत, की वर जाताना त्यांतील अंतर कमी होते, हे छातीठोकपणे सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन सारा वर्ग हरसिद्धीला गेला. मराठा काळात या देवालयाचा जीर्णोद्धार झाला आणि हे दोन दीपस्तंभही मराठा घडणीचे. सुमारे ५१ फूट उंच, खाली रुंद, वर निमुळते, आणि अंगभर दिव्यांसाठी बाहेर काढलेले दगडी हात. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला ते पाहताच जेजुरीची आठवण होते, कारण ही आपली दीपमाळच. देशावर ती प्रामुख्याने त्रिपुरी पौर्णिमेला उजळते, येथे ती देवीच्या नवरात्राशी जोडली गेली. अलीकडे भाविक आगाऊ नोंदणी करून इतर दिवशीही दीप लावून घेतात. दोन्ही स्तंभ उजळावयाचे तर सुमारे ६० लिटर तेल लागते, असे सांगतात. वाती आणि माणसे निराळीच. आणि ही माणसे त्या दगडी हातांवरच पाय देत, तेलाचे भांडे सांभाळीत वर चढतात.

मुलांनी मोजणी सुरू केली. कोणी एका बाजूने, कोणी थरांनी. कोणाचाच आकडा दुसऱ्याशी जुळेना. दोघांचे त्यावरून भांडणही झाले. चित्रकारांनी कोणालाही बरोबर उत्तर सांगितले नाही. "जसे दिसते तसे काढा," एवढेच म्हणाले. तासाभराने वह्या पाहिल्या, तेव्हा एकाही वहीत पुस्तकातल्यासारखी दीपमाळ नव्हती. एका मुलाने केवळ चढणाऱ्या माणसाच्या पायांचे चित्र काढले होते. एका मुलीने तळाशी साचलेल्या तेलाचे काळे ओघळ काढले होते. आदल्या दिवशी पाठ म्हटलेला आकडा आता त्यांच्या डोळ्यांना दिसू लागला होता. परतताना एकाने आम्हांस विचारले, "दादाजी, राजा ने बनवाया ये तो आपने बताया. पत्थर किसने काटे?" आम्ही काही बोललो नाही. करविणाऱ्यांची नावे आपल्या इतिहासात लिहून ठेवलेली असतात, घडविणाऱ्यांची क्वचितच. दीपमाळेच्या पायथ्याशी उभे राहून हा प्रश्न आम्हांस यापूर्वी कधीच पडला नव्हता.

हे सर्व पाहताना आम्हांस एका थोर उज्जयिनीकराची वारंवार आठवण होत होती. विष्णु श्रीधर वाकणकर, म्हणजे आपल्या सर्वांचे हरिभाऊ. ४ मे १९१९ रोजी नीमच येथे त्यांचा जन्म झाला आणि त्यांच्या कर्तृत्वाची भूमी उज्जयिनी ठरली. १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना दूरवरचे खडक त्यांच्या नजरेत भरले, ते शोधीत गेले आणि भीमबेटकाच्या चित्रांकित गुहा जगापुढे आल्या, ही कथा आता सर्वज्ञात आहे. २००३ मध्ये त्या गुहांचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. उज्जयिनीपासून जवळच, छोट्या काली सिंधच्या काठी असलेल्या कायथा येथील चार हजार वर्षांहून जुन्या ताम्रपाषाण वसाहतीचा शोधही त्यांचाच. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले.

परंतु पुरातत्त्ववेत्ते वाकणकर सांगताना चित्रकला शिकविणारे हरिभाऊ मागे पडतात. त्यांनी उज्जयिनीत भारती कला भवन स्थापिले आणि तेथे विद्यार्थी घडविले. पुढे नावारूपास आलेले चित्रकार सच्चिदा नागदेव हे त्यांतलेच. शिष्यांना घेऊन ते रानोमाळ हिंडले. खडकांवरच्या हजारो वर्षांपूर्वीच्या आकृत्यांच्या प्रतिकृती त्यांनी स्वतः केल्या आणि शिष्यांकडूनही करवून घेतल्या. केवळ छायाचित्र काढून भागले नसते काय? भागले असते, पण छायाचित्र काढणारा मनुष्य खडकासमोर क्षणभर थांबतो, प्रतिकृती करणाऱ्याला दिवसभर बसावे लागते. रेषा कोठे सुरू झाली, कोठे हात थबकला, कोणता रंग दुसऱ्यावर चढला आहे, हे ज्याने ती रेषा पुन्हा ओढली त्यालाच उमगते. आगगाडीच्या खिडकीतून ते खडक त्या दिवशी आणखीही पुष्कळांनी पाहिले असतील. हरिभाऊंना ते दिसले, याचे कारण त्यांच्या डोळ्यांना हाताचे शिक्षण मिळालेले होते, असे आम्हांस वाटते.

तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष कंदिलांस हात लागला. बुरुडाकडून (आपल्याकडे त्यांस बसोड म्हणतात) बांबूच्या कामट्या तासून आणल्या होत्या. मैद्याची खळ शिजवून ठेवली होती. पतंगाचे कागद होते. पहिला धडा चांदणीचा. पाच लांब कामट्या एकमेकींत अडकवून एक चांदणी बांधावयाची, तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने आवळावयाची आणि आतल्या पाच कोनांत पाच आखूड काड्या आडव्या देऊन दोन्ही चांदण्यांना एकमेकींपासून दूर रेटावयाचे, म्हणजे चांदणीचे पोट फुगते. ऐकावयास सोपे, करावयास कठीण. पाचवी काडी बसवू जावे तर पहिली निसटते. कागद ताणून चिकटवावा तर फाटतो, सैल सोडावा तर सुरकुततो. वर वाफ जाण्यास जागा ठेवावी लागते, कारण आत विजेचा दिवा असला तरी तो तापतोच. आमच्या लहानपणी आत पणती असे. एका वर्षी वाऱ्याने वात कलली आणि वडिलांनी दोन रात्री जागून केलेला कंदील डोळ्यांदेखत भस्म झाला. वडिलांनी दुसऱ्या दिवशी त्याच सांगाड्यावरील राख पुसून नवा कागद चढविला. हे मुलांना सांगितले तेव्हा मात्र ती खरोखर ऐकत होती.

चांदणी जमल्यावर ज्याने त्याने आपला कंदील निवडला. कोणी महाकालाचे शिखर, कोणी गोपाळ मंदिर, कोणी वेधशाळेतील सम्राट यंत्राचा त्रिकोण, कोणी आपल्या टॉवरचे घड्याळ. तिघा-चौघांनी मिळून निमुळती दीपमाळ केली आणि तिला कागदाच्या पुंगळ्यांचे हात लावले. एका मुलीने कोणतीही वास्तू न करता साधा चौकोनी कंदील केला आणि त्याच्या चारही बाजूंवर वेलबुट्टी काढली. ती कोठली, असे विचारता तिने सांगितले की तिच्या आजोळी भैरवगडला कापडावर छपाईचे काम चालते, तेथला हा ठसा. भैरवगडची छपाई आणि बाटिक म्हणजे क्षिप्राकाठची जुनी कला, पिढ्यान्‌पिढ्या छिपा कारागिरांनी सांभाळलेली. आमच्या पाऊण तासाच्या व्याख्यानात तिला एक वाक्यही मिळाले नव्हते. आम्ही 'आपला' वारसा सांगावयास गेलो होतो. त्या शब्दाची कड कोठवर आहे, ते त्या मुलीने न बोलता दाखविले.

आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी. वर्गात मराठी घरांतील सहा-सात मुले होती. घरी मराठी ऐकतात, उत्तर हिंदीत देतात, अशी. 'कामटी', 'खळ', 'झिरमिळ्या' हे शब्द त्यांना ठाऊक नव्हते. का असावेत? त्या वस्तूच घरात राहिल्या नाहीत. चौथ्या दिवशी मात्र मराठी-अमराठी सगळी मुले "खळ देना", "मेरी कामटी टूट गई" असे बोलत होती. मुलांना मराठी येत नाही, अशी तक्रार आमच्या बैठकांतून नित्य होते आणि व्याकरणाचे वर्ग काढावेत, असे ठराव होतात. शब्द वस्तूला धरून येतात आणि वस्तू हातात आली की शब्दासाठी वर्ग काढावा लागत नाही, हा अनुभव त्या ठरावांच्या वहीत कोठेतरी लिहून ठेवावासा वाटतो.

आता मनाला लागून राहिलेली गोष्ट. शेवटच्या दिवशी कागद वाळेपर्यंत मुलांनी आम्हांस आणखी एखादी जुनी हकिकत सांगण्याचा आग्रह केला. आम्ही सेवाकाळातील एक सांगितली. एका जिल्ह्याच्या गावी शिंदेशाहीतील एका सरदाराचा वाडा होता. सागवानी खांब, कोरीव महिरपी, चौकात तुळशीवृंदावन आणि दर्शनी भिंतीत पणत्यांसाठी ओळीने कोनाडे. तो जपावा, असा गावकऱ्यांचा अर्ज आमच्या टेबलावर आला होता. आम्ही एकदा जाऊन पाहून आलो. विषय आमच्या शाखेचा नव्हता, हे खरे. योग्य त्या ठिकाणी तो पाठविण्यासाठी दोन पानांची टिप्पणी लिहावी लागली असती, हेही खरे. आम्ही 'अवलोकनार्थ' असे लिहून कागद पुढे सरकविला. तो फिरत राहिला. आमची बदली झाली. काही वर्षांनी एका पावसाळ्यात वाडा कोसळल्याचे कळले.

मुलांपैकी एकाने विचारले, "उसका चित्र है आपके पास?"

चित्र नव्हते. छायाचित्रही नव्हते. कोनाडे किती होते, हे आज आम्हांस सांगता येत नाही. पाहून आलो होतो, पण हरसिद्धीची दीपमाळ साठ वर्षे पाहिली तसेच. त्या मुलाच्या स्वरात दोष देण्याचा भाव नव्हता. त्याने गेले चार दिवस जे केले होते, ते आम्हीही केले असेल, असे त्याने गृहीत धरले होते, इतकेच. आमच्या संपूर्ण सेवाकाळात कोणत्याही वरिष्ठाने विचारलेला प्रश्न आम्हांस एवढा जड गेला नव्हता. टिप्पणी लिहिली असती तरी वाडा वाचला असता, असे नाही. पण तासभर बसून त्या कोनाड्यांचे चित्र काढले असते, तर टिप्पणी लिहिल्यावाचून आम्हांस राहवले नसते, हे आता कळते.

मुलांकडून कंदील करवून घेणे हा करमणुकीचा उपक्रम म्हणून सोडून देऊ नये, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी. परदेशांतही याचे मोल ओळखले गेले आहे. जर्मनीत ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, शाळकरी मुले स्वतः केलेले कागदी कंदील काठीला लावून गाणी म्हणत मिरवणुकीने निघतात. इंग्लंडच्या वायव्येस अल्व्हरस्टन नावाच्या लहानशा गावात १९८३ मध्ये काही कलावंतांनी, जपानमधील कंदिलांच्या उत्सवापासून स्फूर्ती घेऊन, गावकऱ्यांना आणि मुलांना विलोच्या काड्या आणि पातळ कागद यांचे कंदील करावयास शिकविले. त्यातून त्या गावाची दरवर्षीची मिरवणूक सुरू झाली. ती परंपरा प्राचीन नव्हती. कोणीतरी एका वर्षी ती हाताने केली, पुढच्या वर्षी पुन्हा केली, आणि ती गावाची झाली.

येथे कोणी म्हणेल, उज्जयिनीला दिव्यांची काय वाण? १ मार्च २०२२ रोजी महाशिवरात्रीला 'शिवज्योती अर्पणम्' या सोहळ्यात क्षिप्रेच्या घाटांवर ११,७१,०७८ दिवे एकाच वेळी उजळले, १८ फेब्रुवारी २०२३ रोजी १८,८२,२२९. दोन्ही वेळा गिनीजच्या विक्रमांत नोंद झाली. हजारो स्वयंसेवक राबले, त्यांत शाळा-महाविद्यालयांतील मुलेही होती. तो देखावा आम्ही पाहिला आहे आणि तो भव्य होता, यात शंका नाही. पण तेथे मुलाच्या वाट्याला येते ते तयार पणतीत तेल ओतणे आणि सांगितल्या क्षणी वात पेटविणे. आकडा गावाचा होतो, पणती कोणाचीच राहत नाही. ज्याने काडी मोडली, पुन्हा बांधली, कागद फाडला, पुन्हा चिकटविला, त्याला आपला एक दिवा त्या लाखांतूनही ओळखता येईल. उत्सवाला दोन्ही हवेत. वारशाला मात्र दुसऱ्यावाचून चालत नाही.

दगडी दीपमाळ अडीच-पावणेतीनशे वर्षे टिकली आणि कागदी कंदील पंधरा दिवसही टिकत नाही, म्हणून पहिली वारसा आणि दुसरा खेळ, असे आपण समजतो. परंतु दीपमाळसुद्धा दिवसा दगडच असते. कोणीतरी तेल घेऊन चढतो, तेव्हाच ती दीपमाळ होते, आणि चढावयाचे कसे हे त्याला कोणीतरी हाताला धरूनच शिकविलेले असते. वेधशाळेची यंत्रे १९२३ मध्ये दुरुस्त झाली तीही केवळ दर्शनासाठी नव्हे. तेथे पुन्हा वेध घेतले जाऊ लागले, म्हणून आज ती जिवंत वेधशाळा आहे. या दोन्ही ठिकाणी टिकले आहे ते हातांचे काम, आणि त्याच्या आधाराने दगडही टिकला आहे.

म्हणून आमच्या मंडळाच्या सभासदांस एक विनंती. येत्या वर्षी मुलांसाठी कंदील करावयाचे असतील तर बाजारातून जुळवणीची तयार पाकिटे आणू नयेत. आधी त्यांना वास्तूपाशी न्यावे, मोजू द्यावे, चुकू द्यावे. वर्ग केवळ मराठी मुलांचा ठेवू नये. ज्या उज्जयिनीने आपल्या पूर्वजांना सामावून घेतले, तिच्या मुलांना आपल्या कंदिलापासून दूर ठेवणे शोभणारे नाही. शिवाय भैरवगडचा ठसा आपल्या कंदिलावर आला तर कंदीलच श्रीमंत होईल. आणि जुन्या शहरात जे वाडे अजून उभे आहेत, त्यांची चित्रे या मुलांकडून आताच काढवून घ्यावीत.

यातील शेवटचे काम आम्ही आपल्याकडे घेतले आहे. त्याच चित्रकारांच्या सोबतीने महिन्यातून एका रविवारी दहा-बारा मुले पुलापलीकडे जुन्या शहरात जातात, वाड्यांच्या ओट्यांवर बसतात आणि चित्रे काढतात. आमच्याकडे पाण्याच्या बाटल्या आणि पेन्सिलींना टोक करण्याचे काम असते. मधून मधून आम्हीही वही उघडतो. रेषा वाकडी येते, पण कोनाडे मोजून काढतो.

मुलांबरोबर केलेला आमचा स्वतःचा कंदील कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गच्चीवर होता. एका बाजूस किंचित कललेला. नंतर तो उतरवून कागद काढून टाकला. सांगाडा माळ्यावर जपून ठेवला आहे. दिवाळीत त्यावर नवा कागद चढवू.